कारखान्यात बनलेलं घर आणि त्याचे पाय



गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी अमेरिकेत ऑरेगन राज्यात लेकीकडे तीन महिने होतो. साठी ओलांडलेला बाप लेकीकडे गेला की नातवंडं सांभाळतो, संध्याकाळी फिरायला जातो, फार तर बागेला पाणी घालतो. मी मात्र पहिले तीन आठवडे तिच्या घराच्या खाली पालथा पडून काढले. खाली म्हणजे तळघरात नव्हे, घराच्या पोटाखाली. जमीन आणि जमिनीवर ठेवलेलं घर यांच्यामध्ये जेमतेम दोन फूट जागा, हातात टॉर्च, कोपरांना गुंडाळलेली जुनी पायजम्याची फडकी. अकादमीत कोपरांवर सरपटायला शिकवलं होतं, त्याचा उपयोग चाळीस वर्षांनी झाला.

तर आजचा विषय आहे कारखान्यात बनणारी घरं आणि त्यांची देखभाल. हा इतिहास कसा, असं काही जण विचारतील. मला विचाराल तर या घरांचा खरा इतिहास देखभालीचाच आहे. हल्ली आपल्याकडेही शेतावर प्रीफॅब बंगली किंवा कंटेनरचं घर आणून ठेवायची हौस आहे. बडोद्यापासून बेळगावपर्यंत आपल्या श्रोत्यांपैकी कुणाकुणाकडे ते असेलच. त्यांनी जरा कान देऊन ऐकावं.

लेकीचं घर १९८४ सालचं. अमेरिकेत त्याला मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात. साधा माणूस अजूनही मोबाइल होम म्हणतो. घर पूर्णपणे कारखान्यात तयार होतं, खाली पोलादी सांगाडा आणि चाकं असतात, ट्रकला जोडून ते जागेवर ओढत आणतात आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या थप्प्यांवर बसवतात. तिचं घर दोन भागांचं आहे. दोन्ही अर्धुकं वेगवेगळी आली आणि मधोमध जोडली. त्या सांध्याला तिथले कारागीर चक्क लग्नाची रेघ म्हणतात. जमीन मात्र तिची नाही, ती भाड्याची. साध्या घरांच्या किमती परवडेनात म्हणून दोघांनी साठवलेलं सगळं यात घातलं.

मी पोचलो त्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, बाथरूमच्या बाहेरची जमीन मऊ लागतेय." मी पाय ठेवला तर खरंच, पावसाळ्यातल्या बांधासारखी जमीन दबत होती. बेडरूमचं दार घासत होतं. लग्नाच्या रेघेवर छतापाशी केसाएवढी भेग दिसत होती. एक ठेकेदार येऊन बघून गेला होता. तो म्हणाला, हे घर आता संपलं, मोडीत काढा आणि नवं आणा. जावई हिशेब करत बसला होता आणि लेक काही बोलत नव्हती.

मी विचारलं, "या घराची कागदपत्रं कुठायत?" विक्रीचा करार मिळाला, विम्याचा कागद मिळाला. पण घराला आजवर कुणी, कधी, काय केलं याची एक ओळसुद्धा कुठे लिहिलेली नव्हती. चाळीस वर्षांचं घर, चार मालक, आणि लिखित काही नाही. फौजेत साधी जीप हाती घेताना लॉगबुक बघितल्याशिवाय कुणी सही करत नाही.

त्या रात्री झोप येईना. डोळ्यांसमोर आसामातली एक झोपडी येत राहिली. झोपडी म्हणजे निसेन हट.

मी कॅप्टन असतानाची गोष्ट. आमच्या छावणीत दुसऱ्या महायुद्धातल्या निसेन हटची एक रांग होती. जमिनीवर अर्धा डबा आडवा ठेवावा तसा त्यांचा आकार. बाहेर पन्हळी पत्रा, आत पूर्वी लाकडी अस्तर होतं, त्यातलं निम्मं कधीच चुलीत गेलेलं. पाऊस पडायला लागला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. पण त्या हट उभ्या होत्या आणि त्यात आमचे जवान राहत होते.

ही हट बनवणारा माणूस म्हणजे मेजर पीटर निसेन. वडील नॉर्वेचे, जन्म अमेरिकेत, पेशाने खाणकामाचा इंजिनिअर, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये. १९१६ साली बेल्जियमच्या आघाडीवर, चिखलात, लाखो माणसांना छप्पर हवं होतं. निसेनने अशी रचना केली की सगळी हट सुटी करून फौजी ट्रकवर मावावी आणि मूठभर माणसांनी काही तासांत उभी करावी. हत्यार म्हणून जवळपास एक पाना पुरे. त्या युद्धात अशा किमान एक लाख हट बनल्या. दुसऱ्या युद्धात त्या पुन्हा आल्या, आणि अमेरिकी नौदलाने १९४१ साली त्यांचाच भाऊ शोभेल असा क्वॉन्सेट हट काढला.

यातला पत्रा त्याहून जुना. पन्हळी लोखंडाचं पेटंट लंडनच्या गोदीतल्या हेन्री पामरने १८२९ मध्ये घेतलं. त्यावर जस्ताचा मुलामा देण्याची रीत फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ मध्ये पेटंट केली. जस्ताचं काम हुतात्म्याचं असतं. आधी ते झिजतं, लोखंड मागे सुरक्षित राहतं. जस्त संपलं की मग लोखंडाची पाळी. म्हणजे पत्र्याला आयुष्य असतं आणि ते ओलावा मोजत खर्च होत असतं. निसेनच्या हट युद्धापुरत्या होत्या. चाळीस वर्षं टिकवण्याचा विचार त्याने करण्याचं कारणच नव्हतं.

आता माझी फजिती सांगतो. वरिष्ठांचं इन्स्पेक्शन ठरलं. फौजेत इन्स्पेक्शन म्हटलं की गेरू आणि चुना. मी उत्साहात हटच्या दोन्ही बाजूंनी मातीचा दीड फूट उंच भर घालून घेतला, त्यावर झेंडू लावले, पुढे विटांची तिरपी किनार करून ती रंगवली. रांग अशी सुरेख दिसत होती की मलाच माझं कौतुक वाटलं. साहेबांनीही शाबासकी दिली.

एमईएसचा एक वयस्क मिस्त्री होता. हटमागे उभा राहून तो झेंडूंकडे बघत होता. मी विचारलं, कसं वाटतंय? तो म्हणाला, "साब, छप्पर सब देखते हैं. आप इसके पैर देखो." त्याने फावड्याने माझा भर एका जागी बाजूला केला आणि पत्र्यावर बोट दाबलं. बोट आत गेलं. तिथला पत्रा आधीच कुजत आला होता आणि मी त्याला ओल्या मातीची गादी करून दिली होती. पत्रा जिथे जमिनीला भेटतो तिथे पालापाचोळा अडकतो, माती चिकटते, ओल हटत नाही, जस्त तिथे सर्वांत आधी संपतं. वरचं छप्पर पाऊस झाला की वाळून जातं. पाय वाळत नाहीत.

झेंडू गेले. मिस्त्रीने त्याची जाड वही दाखवली. प्रत्येक हटला एक पान. कोणत्या साली कोणता पत्रा बदलला, डांबरी रंगाचा हात कधी दिला, कोणत्या बोल्टखालची चकती सुकली. तो पत्र्याला भोक नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचा, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी खोलगटातूनच वाहतं. शाळेत न गेलेल्या माणसालाही पटेल अशी गोष्ट, तरी नव्याने आलेला प्रत्येक जण ती चुकतो. त्या वहीतली सगळ्यात जुनी अक्षरं त्याची नव्हती, त्याच्या आधीच्या मिस्त्रीची होती. एका युद्धासाठी बनवलेल्या हट उभ्या होत्या त्या या वहीवर.

ऑरेगनमध्ये रात्री जागा असताना मला ही वही आठवली, आणि मग कारखान्यातल्या घरांच्या बाकीच्या कहाण्याही आठवायला लागल्या.

पहिली आपलीच. फाळणीनंतर दिल्ली निर्वासितांनी भरून गेली होती. घरं हवी होती आणि विटांवर वीट रचत बसायला वेळ नव्हता. १९४८ मध्ये सरकारने दिल्लीत घरांचा कारखाना काढायचं ठरवलं. परदेशी तंत्र आणलं, हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे तयार पडदे ओतायचे, जागेवर नेऊन जोडायचे. ओटो केनिग्सबर्गर हा जर्मनीतून परागंदा झालेला वास्तुशास्त्रज्ञ तेव्हा भारत सरकारचा गृहनिर्माण संचालक होता. कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात पडद्यांना तडे जायला लागले, ते हाताळणीत मोडायला लागले. संसदेत टीका झाली, योजना गुंडाळावी लागली. पुढे त्याच कारखान्याचं हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी झालं आणि १९७८ मध्ये हिंदुस्थान प्रीफॅब. तिथे पुढे चांगली कामं झाली, पण ज्यांच्यासाठी तो उघडला ते निर्वासित तोवर आपली घरं आपणच विटांनी बांधत होते. प्रयोगशाळेत काँक्रीट टिकलं म्हणजे ते दिल्लीचा उन्हाळा आणि आपला रस्ता सोसतं असं नाही. हे घर तर देखभालीच्या पायरीपर्यंत पोचलंच नाही.

ब्रिटनची कहाणी याच्या उलटी. चर्चिलने मार्च १९४४ मध्ये रेडिओवर तयार घरांचं आश्वासन दिलं. १९४५ ते १९४९ या काळात १,५६,६२३ छोटे बंगले उभे राहिले. काही तर विमानांच्या कारखान्यांतून अ‍ॅल्युमिनियमचे, चार तुकड्यांत, ट्रकवरून आले. आयुष्य धरलं होतं दहा-पंधरा वर्षं. लंडनच्या कॅटफर्ड भागात अशी एक अख्खी वसाहत होती, एक्सकॅलिबर नावाची. ती युद्धकैद्यांनी उभी केली आणि साठ वर्षांनंतरही माणसं तिथे राहत होती, घर सोडायला तयार नव्हती. २००९ मध्ये त्यातली सहा घरं वारसा म्हणून संरक्षित झाली. लाकडी सांगाडा, वर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पाट्या. ती पाटी रंग लावून शांत ठेवली तर ठीक, पण हौसेने भोक पाडलं की तिचे तंतू फुप्फुसात जातात. म्हणजे काय करू नये हे ठाऊक असणं हीसुद्धा देखभालच.

आणि तिसरी कहाणी अमेरिकेतली, माझी सगळ्यात आवडती. लस्ट्रॉन. कार्ल स्ट्रँडलुंड नावाच्या उद्योजकाने ओहायोतल्या कोलंबसला विमानांच्या रिकाम्या कारखान्यात पोलादी घरं काढायला सुरुवात केली. दोन फूट बाय दोन फूट पोलादी चौकोन, त्यावर चिनी मातीसारखा चकचकीत मुलामा. आपल्या आजीच्या जुन्या इनॅमलच्या पातेल्याला असायचा तोच. भिंत, छप्पर, आतल्या खोल्या, सगळं त्याचंच. जाहिरातीचा सूर असा की रंग नको, गंज नाही, वाळवी नाही, बागेच्या नळीने घर धुवा आणि विसरा. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. सरकारने कंपनीला ३.७५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. १९४८ ते १९५० मध्ये सुमारे २,५०० घरं बनली आणि कंपनी बुडाली.

घरं मात्र राहिली. आणि मग कळलं की देखभाल लागत नाही असं घर जगात नसतं. भिंतीला खिळा मारता येईना, लोक चुंबकाने फोटो लावायला लागले. पातेल्याचा टवका उडाला की काळा डाग पडून गंज धरतो ना, तसं भिंतीचं झालं. एका चौकोनाला पोचा आला तर नवा चौकोन आणणार कुठून? कारखानाच नाही. उत्तर मिळालं ते दुसऱ्या मोडणाऱ्या लस्ट्रॉनमधून. व्हर्जिनियात क्वांटिको इथल्या मरीन सैनिकांच्या तळावर अशी सुमारे साठ घरं होती. फौजी निवासासाठी त्यांची गरज संपल्यावर २००६ च्या सुमारास ती न्यायला तयार असणाऱ्यांना देऊ केली गेली. जुन्या घरांच्या मालकांसाठी अशी मोडकी घरं म्हणजे सुट्या भागांची खाण. फौजेत याला कॅनिबलायझेशन म्हणतात. दोन बंद गाड्यांतून एक चालती गाडी.

आता लेकीच्या घराच्या घराण्याकडे येतो. हे घर ट्रेलरचं वंशज. १९५० च्या दशकात ट्रेलर दहा फूट रुंद झाला, रस्त्यावरून सहज ओढता येईना, आणि तो मुक्कामाचं घर झाला. पुढची वीस वर्षं या घरांवर देशभर एकसारखा नियम नव्हता. आगी लागायच्या, वाऱ्यात ती उलटायची. शेवटी १९७४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला आणि १५ जून १९७६ पासून नवी संहिता लागू झाली. तारा, पाइप, छपरावरचं वजन, आगीपासून संरक्षण, सगळ्याचं माप ठरलं. त्या तारखेनंतरच्या प्रत्येक भागावर बाहेरून एक लाल धातूची पट्टी असते. दोन भागांचं घर, दोन पट्ट्या. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने फ्लोरिडात या वसाहती भुईसपाट केल्या, तेव्हा १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम आणखी कडक झाले.

पण इथे एक गंमत आहे. देशाच्या कायद्याने घर तपासलं ते कारखान्याच्या फाटकापर्यंत. ते जमिनीवर कसं बसवायचं, ठोकळे किती अंतरावर, खालची माती कशी, याचे देशव्यापी किमान नियम करायचं ठरलं २००० सालच्या कायद्यात. तोवर ज्या त्या राज्याची मर्जी आणि बसवणाऱ्याचं इमान. लेकीचं घर १९८४ चं. म्हणजे फाटकाच्या आतलं सगळं नियमात, आणि फाटकाबाहेरचं सगळं रामभरोसे. मिस्त्रीचं वाक्य तिथे मला पुन्हा ऐकू आलं.

सकाळी जावयाला घेऊन कामाला लागलो. आधी कागद. संहितेनुसार घराच्या आत एक तक्ता चिकटवलेला असतो, स्वयंपाकघराच्या कपाटात, वॉर्डरोबमध्ये किंवा विजेच्या पेटीजवळ. सिंकखालच्या कपाटाच्या दाराआड, चाळीस वर्षांच्या तेलकटपणाखाली तो सापडला. कारखाना, अनुक्रमांक, छप्पर किती बर्फाचं, घर किती वाऱ्याचं. लेकीने फोटो काढला. त्या घरात चार वर्षं राहून तिने तो पाहिला नव्हता.

मग खाली शिरलो. घराच्या पोटाला काळ्या जाड कापडाचं अस्तर असतं. त्याच्यावर थंडीपासून वाचवणारा लोकरीसारखा थर आणि त्यातून पाण्याचे पाइप. बाथरूमखाली ते अस्तर भरल्या पखालीसारखं लोंबत होतं. टोचलं तर बादलीभर पाणी अंगावर. कधीतरी कुणा प्लंबरने अस्तर फाडून पाइप जोडला, आणि फाटलेलं तसंच सोडून गेला. पाइप करडा, पॉलिब्युटिलीनचा. १९७८ पासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत तो सर्रास वापरला गेला, त्याचे जोड तडकायला लागले, कोर्टकज्जे झाले, आणि १९९५ मध्ये मोठी तडजोड होऊन तो बाजारातून गेला. इथे तो वर्षानुवर्षं थेंब थेंब गळत होता. वरची जमीन लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाची. पाण्यात टाकलेल्या बिस्किटासारखी तिची अवस्था.

दार घासतं का ते बघायला मी हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, आपले गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशी. पाणी भरून एक टोक जावयाने धरलं, एक मी. कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस, तासाभरात त्याला त्या नळीचं वेड लागलं. एका कोपऱ्यातले ठोकळे पाऊण इंच खचले होते. वरचं पन्हाळ गळून तिथेच पाणी मुरत होतं, माती मऊ झाली होती. दार, छताची भेग आणि पन्हाळ, तिन्हींचं कारण एकच.

जॅक लावून घर उचलायचं काम मी केलं नाही. जॅकवर उचललेल्या घराखाली शिरायचं नसतं, आणि तिथे त्यासाठी परवानाधारक माणसं असतात. ती आली, लाकडी पाचरी बदलून घर समतल करून गेली. करडा पाइप सगळा काढून नवा टाकला. कुजलेली जमीन कापून तिथे प्लायवूड बसवलं. अस्तराला ठिगळ लावलं, खालच्या उघड्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं, पन्हाळ दुरुस्त करून पाणी घरापासून दूर सोडलं. घराभोवतीच्या झालरीतल्या जाळ्या मागच्या मालकाने थंडी येते म्हणून बुजवल्या होत्या, त्या उघडल्या. सगळा खर्च नव्या घराच्या मानाने फारच थोडा झाला. जावयाने आकडा दोनदा तपासला.

निघण्याआधी मी लेकीला एक जाड वही दिली. पहिल्या पानावर त्या तेलकट तक्त्यावरचा मजकूर उतरवला, दुसऱ्यावर ठोकळ्यांचा नकाशा काढून प्रत्येकाला नंबर दिला. ती हसली, "बाबा, हे हँडिंग-टेकिंग झालं का?" मी म्हटलं, "हो, सही कर." तिने केली.

नोव्हेंबरात तिथे पावसाची झड लागली. एका रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो आला. तिचं अक्षर, खाली नातवाचा पेन्सिलचा शेरा. ठोकळा सात, पाव इंच खाली, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजणे. पन्हाळ साफ केलं. पोट कोरडं.